सातवा मासा

मासा जाळ्यातून सोडवला की ती आधी त्याच्या डोक्यामागं कचकन दात रोवायची. मासा एकदा शहारायचा आणि गप्प व्हायचा. मग ती तोंडातला खवला थुंकायची, पदरानं ओठ पुसायची आणि पुढच्या माशाला हात घालायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवलं. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही फिरवलं असतं.

“मावशी, असं का मारता?” मी विचारलं.

“तडफडतंय त्ये बगवत न्हाई,” ती म्हणाली आणि दुसऱ्याला चावली.

माझी अडचण वेगळी होती. ते मासे मला पुण्याला पाठवायचे होते, औषधाच्या बरणीत घालून, चिठ्ठी लावून. पहिल्या खेपेच्या बरण्या पाहून माझ्या सरांनी फोन केला. “अरे, प्रत्येक माशाच्या मानेवर दात उमटलेत. तिकडं नदीत मगर आहे का?” मी म्हणालो, “मगर नाही सर, मावशी आहे.”

नव्वदचं दशक संपत आलं होतं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून मी तळेगाव ढमढेऱ्याला घरी बसलो होतो. सरांना नदीच्या अभ्यासाचा तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला आणि त्यांनी मला हाताशी घेतलं. शिरूरजवळ घोड नदीवर एक आणि खाली दौंडपर्यंत भीमेवर चार, अशा पाच जागा ठरवल्या. दर महिन्याला प्रत्येक जागी जायचं, पाणी तपासायचं, तळातला गाळ चाळून त्यातले किडे आणि शिंपले मोजायचे, जाळ्यात येतील ते मासे मापून वहीत लिहायचे. नदीत काय जगतंय आणि काय संपत चाललंय, एवढं शोधायचं. सर महिन्यातून एकदा यायचे. बाकी मी, माझी जुनी मोटारसायकल आणि मागं बांधलेली बाटल्यांची पेटी.

तीन नंबरची जागा भीमेवरच्या एका बंधाऱ्याच्या वर होती. तिथं भर उन्हाळ्यातही डोह राहायचा, आणि डोहात जायचं तर होडी पाहिजे. काठावर भोई लोकांची आठ घरं होती. मी गेलो तेव्हा पुरुष मंडळी जाळी विणत बसली होती. पँटवाला माणूस पाणी तपासायला आलाय म्हटल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. एवढ्यात मागून आवाज आला, “मी नेती. बसा.”

पन्नाशीच्या आतबाहेरची बाई. उंच, हडकुळी, दंड मात्र पुरुषासारखे. पत्र्याची सपाट होडी तिनं एका हातानं पाण्यात लोटली. डोहाच्या मध्यावर आल्यावर तिनं विचारलं, “मास्तर, पवता येतं का?”

“येतं.”

तिनं एक पाय होडीच्या काठावर टाकला, जोर दिला, आणि मी पाण्यात. चष्मा गेला, खिशातली चिठ्ठीचपाटी गेली. मी हातपाय मारत वर आलो तर ती वल्ह्यावर हनुवटी टेकून बघत होती. मला दंडाला धरून वर ओढलं आणि म्हणाली, “येतं. खरं बोलला.”

असं आमचं काम सुरू झालं.

ती कुणाचंही नुसतं ऐकून घ्यायची नाही. माशांची शास्त्रीय नावं मी वहीत लिहायचो, ती तिला मोठ्यानं वाचून दाखवावी लागायची. मरळ माशाला आमच्यात ‘चन्ना’ म्हणतात असं सांगितलं, तेव्हा ती होडी हलेपर्यंत हसली. “मरळीला चना? मंग हरबऱ्याला काय मांगूर म्हनता?” त्यानंतर मरळ जाळ्यात आली की ती ओरडायची, “मास्तर, चना आला, लिवा!”

आणि लिहावंच लागायचं. एकदा मे महिन्यात उन्हानं माझं डोकं दुखत होतं. मोजणी संपली, वही मिटली आणि जाळ्याच्या कोपऱ्यात बोटभर लांबीचे दोन मासे अडकलेले दिसले. मी म्हणालो, “जाऊ द्या मावशी, दोनच आहेत.”

तिनं वल्हं आडवं ठेवलं. होडी जागेवर थांबली. “तुमीच म्हनला ना, आलं त्ये लिवायचं? मंग ह्ये काय आलं न्हाई? हाय त्ये हाय.”

मी वही उघडली. तिला अक्षर येत नव्हतं, तरी मी लिहीपर्यंत ती माझ्या पेनाकडं बघत राहिली.

पाण्यात विरघळलेली हवा मोजायची एक परीक्षा असते. बुचाच्या बाटलीत पाणी भरायचं, त्यात दोन औषधं सोडायची आणि बाटली हलवायची. पाण्यात हवा असेल तर आत तांबूस-तपकिरी साका धरतो. हवा संपलेली असेल तर साका पांढराफटक राहतो. तिला या बाटलीचं भारी कौतुक. मी औषध सोडलं की मान पुढं काढून विचारायची, “तांबडं का पांढरं?” दोन वर्षं दर महिन्याला तांबडंच यायचं. कधी गडद, कधी फिकं. “नदीला अजून दम हाय,” ती म्हणायची आणि वल्हं मारायला लागायची.

तिच्या नवऱ्याला उजवा हात मनगटापासून नव्हता. तो बोलायचा फार कमी. डाव्या हातानं आणि दातांनी जाळं विणायचा. हाताचं काय झालं हे मी वर्षभर विचारलं नाही. एक दिवस तिनंच सांगितलं, गाळ चाळता चाळता, जशी काही दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगत होती.

विहिरीच्या सुरुंगाची कांडी, म्हणजे जिलेटीन, वात लावून डोहात टाकायचं. धडाका झाला की मासा उलटा होऊन वर येतो. कष्ट नाहीत, वेळ नाही. तिचा नवरा तेच करायचा. “मी म्हनायची, आरं, ह्यात ल्हान-मोठं समदं मरतंय, अंडीसुदिक ऱ्हात न्हाईत. न्हाई ऐकलं. येक दिस वात आकूड निगाली. हातातच उडालं.” तिनं चाळणीतला एक खडा काढून टाकला. “पंजा पान्यात पडला. मी बुडी मारून काडला. दवाखान्यात न्हेला, म्हनलं लावा परत. डागदर म्हनला, बाई, ह्ये लागत न्हाई.”

“मग?”

“मंग काय. पुरला काठाला.” ती चाळणी हलवत राहिली. “तवाधरनं मी जाळं टाकती. आन् कुनाच्या हातात कांडी दिसली की हात मोडीन म्हनून सांगितलंय समद्यांला.”

ती नुसतं बोलणारी नव्हती. तळाचे नमुने घेण्यासाठी मी काठालगत खुंट्या ठोकून दोऱ्यांनी चौकोन आखले होते. वाळू भरायला आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली सरळ त्यावरून घातली. मी हात वर करून धावलो, तर तो खाली उतरला, मला दोन थोबाडीत दिल्या आणि परत सीटवर जाऊन बसला. मावशी होडीतून उतरली ती वल्हं घेऊनच. ट्रॅक्टरचा एक दिवा फोडला. तो शिव्या देत खाली उडी मारणार तोच दुसरा फोडला. मग वल्हं त्याच्या गुडघ्यावर नेमकं धरून म्हणाली, “आता तिसरा कंचा फोडू?” तो गेला. तिनं खुंट्या उचलल्या, पाय धुतले आणि मला म्हणाली, “मास्तर, तुमी मार लई शिस्तीत खाता.”

हे सगळं हसत सांगता येतं. पुढचं हसत सांगता येत नाही.

प्रकल्पाचं तिसरं वर्ष, एप्रिल महिना. सकाळी नवाच्या सुमारास मी तीन नंबरच्या जागी पोचलो. मोटारसायकल उभी करायच्या आधीच वास आला. साखर कारखान्यातली मळी सडल्यावर येतो तसा आंबूस, घशाला धरणारा. डोहाचं पाणी चहासारखं काळपट झालं होतं आणि काठापासून काठापर्यंत पांढरी पोटं तरंगत होती. रोहू, कटला, चिलापी, वाम. बोटाएवढ्यापासून हाताएवढ्यापर्यंत. कावळे माशांवर चालत होते, पाण्यावर नव्हे.

आणि गावातून माणसं येत होती. दीड-दोनशे तरी असतील. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा. गावाच्या नळाचं पाणी याच डोहाशेजारच्या विहिरीतून उचललं जायचं. पहाटेपासून घरोघर पोरांना उलट्या होत होत्या. नदीवर पाणी प्यायलेल्या तीन म्हशी आडव्या झाल्या होत्या. पुढं आप्पा होते, गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष. एरवी मला हटकून चहाला बोलावणारा शांत माणूस. मेलेल्यांतल्या दोन म्हशी त्यांच्या होत्या.

“भोयांनीच जिलेटीन टाकलंय,” मागून कुणीतरी ओरडलं. “मासा कुजला, पानी नासलं!”

माणसं घरांत घुसली. भांडी बाहेर आली, जाळी बाहेर आली. जाळ्यांचा ढीग करून त्याला काडी लावली. नायलॉन जळताना तड्‌तड् आवाज करत वितळत होतं. मावशीचा नवरा दारात उभा होता. एकानं त्याचा थोटा हात धरून वर केला आणि सगळ्यांना दाखवला. “ह्यो बगा पुरावा! अजून काय पायजे?” आणि त्याच्या तोंडावर काठी घातली. तो खाली बसला. ओठातून रक्त गळायला लागलं.

मावशी होडीत होती. ती काठाला आली, एका हातात मासे कापायची सुरी आणि दुसऱ्या हातात वल्हं. गर्दी तिच्याकडं वळली. मला वाटलं, आता ही कुणाला तरी भोसकणार. तिनं वल्हं जमिनीत रोवलं आणि आप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

“आप्पा, मारायचं तर मारा. आदी मासा बगा.”

“काय बगायचंय त्यात?”

“जिलेटीननं मेला आसंल तर पोटातला फुगा फुटतुया. कना तुटतुया. तुमी हाताला येईल त्यो मासा द्या. मी कापती. फुगा फुटका निगाला तर ह्यीच सुरी माज्या पोटात घाला.”

माझ्याकडं वळून तिनं हाक मारली, “मास्तर, सांगा की खरं का खोटं!”

मी पुढं झालो आणि म्हणालो, खरं आहे. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, स्फोटाचा दणका बसला की ती फाटते. आमच्या शास्त्रातही हेच आहे.

आप्पांनी स्वतः पाण्यात हात घालून एक रोहू उचलला आणि तिच्यापुढं टाकला. तिनं एका ओढीत पोट चिरलं, आतडी बाजूला सारली आणि बोटानं फुगा वर काढला. पांढरा, चकचकीत, टच्च भरलेला. “बगा.” दुसरा मासा. फुगा शाबूत. तिसरा कटला. शाबूत. चौथ्याचे कल्ले उचलून दाखवले. लाल असायला हवेत ते काळपट पडून चिकटले होते. “गुदमरून मेलाय ह्यो. दम कोंडून.” मग ती उभी राहिली आणि डोहाकडं हात केला. “आन् ह्यात मरळ कुटं हाय, दावा! येक तरी मरळ? मरळ वर तोंड काडून हवा घेती, म्हनून ती जगली. जिलेटीन काय मरळीला वळकतंय व्हय?”

मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्या गर्दीत मला सुचलं नव्हतं.

“मास्तर, बाटली भरा,” ती म्हणाली.

मी पेटी उघडली. घाईत पहिली बाटली हातातून निसटून फुटली. दुसरी भरली. दोन्ही औषधं सोडली, बूच लावलं, हलवली. दीडशे माणसं पुढं सरकून बघत होती. मागं जाळी जळत होती. बाटलीत साका धरला. दुधासारखा पांढरा.

“दोन वर्सं तांबडं येतंय,” ती आप्पांना म्हणाली. “वहीत लिवलंय ह्येंनी. आज पांढरं. पान्यात हवाच न्हाई. वरच्या अंगाला ओड्यात कुनीतरी घान वतली.”

आप्पांनी बाटली हातात घेतली. उन्हात धरून पाहिली. त्यांच्या हातातला दांडा खाली आला. मागच्या माणसांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, वरच्या ओढ्याजवळ काल संध्याकाळी टँकर उभा होता. मला वाटलं, सुटलो.

ती मात्र कापतच होती. पाचवा, सहावा. दोन्ही शाबूत. तिनं सातवा घेतला. मी तिच्या अगदी शेजारी उकिडवा बसलो होतो, बाकी सगळ्यांच्या नजरा बाटलीवर. पोट चिरलं आणि आतून गोठलेलं रक्त आलं. फुग्याच्या चिंध्या झाल्या होत्या. कणा मधोमध तुटलेला.

हा मासा दम कोंडून मेला नव्हता.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. नको, म्हणून. आणि पायानं तो मासा हळूच पाण्याकडं सरकवला. हे मी केलं. दोन वर्षं वही घेऊन फिरलेल्या माणसानं.

तिनं माझा पाय बाजूला केला. मासा उचलला आणि उभी राहिली.

“आप्पा,” ती म्हणाली, “ह्यो फुटलाय. ह्याला जिलेटीन लागलंय.”

ती गर्दीकडं बघत नव्हती. ती आपल्या दिराकडं बघत होती. तिचा धाकटा दीर, पंचविशीतला, घराच्या भिंतीला टेकून उभा होता.

“कवा टाकलं?”

त्यानं मान खाली घातली.

“कवा टाकलं रं?”

“काल सांच्याला,” तो पुटपुटला. “खालच्या अंगाला. येकच कांडी, वहिनी. ह्ये समदं त्येनं न्हाई झालं...”

तिनं रोवलेलं वल्हं उपटलं. पहिला तडाखा त्याच्या खांद्यावर बसला. त्यानं डोकं वाचवायला उजवा हात वर केला, दुसरा त्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. ओली फांदी मोडावी तसा. तो किंचाळत खाली कोसळला. तिनं वल्हं टाकून दिलं.

मग गर्दी फुटली. ज्यांनी पांढरी बाटली पाहिली होती तीच माणसं. “बगा, कबूल केलं!” एवढंच सगळ्यांना ऐकू गेलं. दगड यायला लागले. आप्पा हात पसरून ओरडत होते, “थांबा! आरं, तिनं सोताहून दावलंय!” त्यांनाच एक दगड पाठीत बसला. कौलं फुटली. कुणीतरी माझी पेटी उचलून खडकावर आपटली. एक दगड मावशीच्या भुवईवर बसला आणि ती गुडघ्यावर आली. दुसरा कानावर. तेव्हा तिचा नवरा उठला, धावत आला आणि तिच्यावर पालथा पडला. उरलेले दगड त्यानं पाठीवर घेतले. मी कुठं होतो म्हणाल, तर होडीच्या आड. वही पोटाशी धरून.

पोलीस आले तेव्हा मारणारी माणसं निघून गेली होती. दिराला त्यांनी आधी दवाखान्यात आणि मग कोठडीत नेलं. मावशीला आम्ही दौंडच्या दवाखान्यात आणलं. भुवईला अकरा टाके पडले. डाव्या कानानं ऐकू येणं कायमचं गेलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा दवाखान्यात आले. बाकड्यावर माझ्याशेजारी बसले. माणसं घेऊन ते वरच्या ओढ्याला जाऊन आले होते. टँकरच्या चाकोऱ्या होत्या, ओढ्याच्या तोंडाशी गुडघाभर काळा राडा होता. ट्रॅक्टर आडवे घालून त्यांनी तो रस्ता बंद केला आणि तक्रार दिली.

“तुम्हाला पटलं होतं ना आप्पा, बाटलीनं?” मी विचारलं.

“खरं सांगू का,” ते म्हणाले, “बाटलीतलं मला काय कळतंय? आन् सहा मासे तर कुनीबी निवडून दावील. तिनं सातवा दावला, तवा मला पयले सहा खरे वाटले.”

ते टँकर त्या ओढ्याला पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या कुठल्या ओढ्याला जात असतील.

बाकीच्या सात घरांनी मात्र तिला माफ केलं नाही. घरं फुटली, जाळी जळाली, तरणा पोर मोडलेल्या हातानं कोठडीत पडला, आणि हे सगळं एका माशापायी. तोही तिनं लपवला असता तर कुणाला कळलं नसतं. त्यांनी ठरवलं, तिच्याबरोबर कुणी जाळं टाकायचं नाही, तिच्या दारात जायचं नाही. दिराची बायको रोज सकाळी तिच्या उंबऱ्यासमोर उभी राहून बोटं मोडायची.

पंधरा दिवसांनी मी गेलो तेव्हा नवरा-बायको होडीत सामान भरत होते. पत्र्याची होती म्हणून होडी तेवढी वाचली होती. दोन पातेली, एक गोधडी, नवं अर्धवट विणलेलं जाळं. तिच्या भुवईवरचे टाके अजून ओले दिसत होते. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, म्हणजे ऐकू जाईल.

“मावशी, तो एक राहू दिला असता तर?”

“तुमी मान हालवली, ती बगितली मी,” ती म्हणाली. रागानं नाही. “दोन वर्सं तुमीच शिकिवलं, आलं त्ये लिवायचं. मंग त्या दिशी तुमालाच भ्या वाटलं व्हय?”

“तुमच्यासाठी वाटलं.”

“माज्यासाटी भ्यायला ह्यो हाय की,” तिनं नवऱ्याकडं हनुवटी केली. तो डाव्या हातानं दोर सोडत होता.

मी म्हणालो, “दिराला एवढं मारायला नको होतं. हात मोडला त्याचा.”

ती गोधडीची घडी करत होती. घडी तशीच हातात राहिली. “मोडला,” ती म्हणाली. “पन मोडल्याला जुळतुया, मास्तर. त्येला अजून दोन हात हायती.”

तिनं होडी लोटली. पुढं नवरा बसला, मागं ती उभी राहिली. बंधाऱ्यापाशी दोघांनी होडीतून उतरून ती उचलली, पलीकडं नेली. मग भिंतीआड दिसेनाशी झाली. काठावरच्या बाकीच्या सात घरांतून कुणी बाहेर आलं नाही. लेकरंसुद्धा नाहीत.

दिवाळीच्या सुटीत मी तिला शोधायला खाली गेलो. काठाकाठानं विचारत विचारत दोन दिवस. दौंडच्या पुढं, नदी पसरट होते तिथं, एका बाभळीखाली मला पत्र्याची होडी पालथी घातलेली दिसली. तिचा नवरा शेजारी बसला होता. माझ्याकडं पाहून त्यानं गोणपाट झटकून पुढं केलं. मी बसलो. मी विचारायच्या आधीच तो बोलला. एवढं सलग बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

“जेष्टात गेली,” तो म्हणाला. “हितं वाळू उपसत्यात मशिनीनं. दोन पुरुस खोल खड्डं पाडल्यात. कडंला जाळं लावीत व्हती. आवाज आला आसंल कडा फुटताना, पन डाव्या अंगानं आला. तिला न्हाई कळला. समदी वाळू अंगाव आली.”

त्यानं आपला डावा हात गुडघ्यावर उलटा ठेवला. बोटांची नखं अजून पुरती आली नव्हती.

“मानसं यीस्तवर उकारलं मी,” तो म्हणाला. “पन येका हातानं किती उकारनार?”

आम्ही तिथं संध्याकाळपर्यंत बसलो. मी निघताना तो म्हणाला, “धाकटा भाऊ आला व्हता मातीला. जुळलाय त्येचा हात. खांदा दिला त्येनं.”

त्या हिवाळ्यात प्रकल्पाचा अहवाल पुरा करायचा होता. मी रात्रंदिवस तक्ते मांडले. एक, दोन, चार आणि पाच नंबरच्या जागांचे आकडे शेवटच्या महिन्यापर्यंत होते. तीन नंबरच्या जागेचे रकाने एप्रिलनंतर रिकामे. तिथं कारण लिहावं लागतं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: ‘नाव उपलब्ध नाही.’

सर खुर्चीत बसून एकेक पान तपासत होते. त्या ओळीपाशी थांबले.

“हे काय? कुणाचं नाव?”

“नाव म्हणजे बोट, सर. डोहात जायला.”

“मग तसं लिही ना. वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.” आणि सरांनी लाल पेनानं ‘नाव’ खोडून वर ‘होडी’ लिहिलं.